कडुनिंबावरची पाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मायला नाही, खोलीवरच्या मित्राला नाही, मास्तरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. समोर असता तर कदाचित मी ऐन वेळी दुसरंच काहीतरी बोललो असतो. मला बोलता बरं येतं — अडचण तीच आहे.

मी कुही तालुक्यातल्या एका लहान गावचा. धान पिकवणारं घर. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. नागपूरला आलो तेव्हा सक्करदऱ्याला, तलावापासून दोन गल्ल्या आत, एक खोली घेतली आणि पहिल्याच वर्षी एका राजकीय पक्षात शिरलो. पक्ष म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जीप आणि भोंगे येतील. आमच्याकडे सात सायकली होत्या. आणीबाणी उठून काही वर्षं झाली होती, जो तो काहीतरी काढत होता, आणि निवृत्त शिक्षक वानखेडे मास्तरांनी झाडं, तलाव आणि जंगल यांच्यासाठी निवडणूक लढवणारा पक्ष काढला होता. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. लोक म्हणायचे झाडपार्टी. जे आमच्यावर हसायचे ते म्हणायचे पालापाचोळा पार्टी.

पण हसण्यासारखे आम्ही नव्हतो, हे आजही मी छाती ठोकून सांगतो. तीस-एक माणसं होती. शाळेतल्या बाई होत्या, एक नर्स होत्या, एक निवृत्त पोस्टमन, पानठेला चालवणारा बंडू. कुणालाही त्यातून काही मिळणार नव्हतं. रस्ता रुंद करायला झाडं तोडायची ठरली की हीच माणसं अर्ज घेऊन कचेरीत उभी राहायची, साहेबाच्या शिव्या खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभी दिसायची. अशी माणसं मी गावात पाहिली नव्हती. शहरातही दुसरीकडे पाहिली नाहीत.

आमच्या पक्षात एक विचित्र गोष्ट होती. अध्यक्ष व्हायला कुणी तयार नसायचं. बाकीच्या पक्षांत खुर्चीसाठी डोकी फुटतात, आमच्याकडे खुर्चीकडे पाहायलाही लोक कचरायचे. पहिली काही वर्षं मास्तरांनीच ते ओझं वाहिलं. मग त्यांनी नियम केला. कुणी कुणाचं नाव सुचवायचं नाही. दर तीन वर्षांनी पाडव्याला, कडुनिंबाची चटणी खाऊन झाली की ज्याला पुढे व्हायचं आहे त्यानं आपणहून हात वर करायचा. हात वर केला म्हणजे झालं असंही नाही. त्यानं त्याच दिवशी तलावाच्या काठावर कडुनिंबाचं हातभर रोप लावायचं आणि मृग लागायच्या आदल्या रविवारपर्यंत ते जगवून दाखवायचं.

तुम्ही म्हणाल, पाडव्याला कुणी झाड लावतं का? नागपूरचा सारा उन्हाळा पुढे असतो. मीही तेच विचारलं होतं. मास्तर म्हणाले, “पावसात तर गवतबी जगते गा. भाषण ठोकणारे मले बम भेटले, ढिगानं. एक रोप उन्हाळ्यातून पार नेता येत नाही तो पक्ष काय पार नेईन?”

आणखी एक नियम होता. दुसऱ्याच्या रोपाला पाणी घालायचं नाही. घातलं तर दोघंही बाद. हा नियम ध्यानात ठेवा. मी तो फार नीट ध्यानात ठेवला होता.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो त्या पाडव्याला दोन हात वर झाले. एक माझा, दुसरा दामूभाऊंचा.

दामूभाऊ लकडगंजातल्या एका आरा मशीनवर कामाला होते. सागाचे ओंडके पट्ट्यावर चढवायचे आणि फळ्या उतरवायच्या. वय चाळिशीकडे झुकलेलं, केसांत कायम लाकडाचा भुसा. शाळा चौथीत सुटलेली. झाडं कापणाऱ्या कारखान्यातला माणूस झाडपार्टीत कसा, म्हणून त्यांची रोज थट्टा व्हायची आणि तेही हसायचे. पण त्या दिवशी हात वर करताना ते जे बोलले, त्यावर कुणी थट्टा केली नाही. ते म्हणाले, “लाकूड कुठून येते हे तुम्ही लोक विचारून राहिले. मले माहीत हाये ना. कोणता ट्रक कोणत्या जंगलातून येते, कोणाचा शिक्का खरा, कोणाचा खोटा. पण मी येकटा बोललो तं हमाल बोलला म्हणतीन. अध्यक्ष बोलला तं आयकतीन.”

“अन् नोकरी?” कुणीतरी विचारलं.

“जाईन हातची,” ते म्हणाले. बस, एवढंच.

आणि मी काय बोललो? मी पंधरा मिनिटं बोललो. निसर्ग, युवाशक्ती, उद्याचा विदर्भ. टाळ्या पडल्या. दामूभाऊंनीही वाजवल्या.

आमच्या दोन रोपांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आधाराला काठी आणि काठीला तारेनं बांधलेली पाटी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मास्तरांनी त्या स्वतः रंगवल्या होत्या. एकीवर दामोदर, दुसरीवर नरेश. नरेश म्हणजे मी.

सकाळी सहाला मी बादली घेऊन जायचो तेव्हा दामूभाऊ आधीच आलेले असायचे. लकडगंजावरून सायकल मारत यायचे, कॅरिअरला रॉकेलचा रिकामा डबा बांधलेला. तलावातून पाणी भरायचे, एकदम ओतायचे नाहीत, ओंजळीओंजळीनं आळ्यात सोडायचे. मला म्हणायचे, “धडाधड नको ओतू रे नरेश. पेऊ दे त्याले.” मग सायकलवर टांग टाकून आठच्या भोंग्याला मशीनवर हजर. रोज. मला ते आवडायचे, हे लिहिलं पाहिजे. नावडत्या माणसाचं वाईट केलं असतं तर निदान मला समजलं तरी असतं.

मे महिन्यात माझ्या चुलतबहिणीचं लग्न होतं. दोन दिवसांसाठी गावी गेलो आणि नऊ दिवस राहिलो.

का राहिलो? आजारी पडलो नाही. कुणी अडवलं नाही. राहिलो, कारण मांडवात काकांनी सगळ्या सोयऱ्यांना सांगून टाकलं होतं — “आमचा पोट्टा नागपुरात अध्यक्ष होऊन राहिला.” मग जो तो जवळ येऊन बसायचा. म्हातारी माणसं मला खाट द्यायची आणि स्वतः खाली बसायची. मायनं एकदा विचारलंही, “काहून गा, तुले परत नाही जा लागत? झाड लावलं म्हणत होता ना?” मी म्हटलं, जातो, उद्या जातो. नेमलेलं काम सोडून मी खाटेवर बसून त्याच कामाच्या गप्पा मारत होतो. रोपाची आठवण आली नाही असंही नाही. रोज यायची. एक दिवस निघेल, असं वाटायचं. कॉलेजात शिकलेल्या, शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला असं वाटत होतं की नागपूरच्या मे महिन्यात हातभर रोप वाट पाहत थांबेल.

दहाव्या दिवशी दुपारी बसमधून उतरलो आणि पिशवी खांद्याला तशीच ठेवून तलावावर गेलो. दुपारचा एक वाजला असेल. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, सगळ्या घरांची दारं गरम वाऱ्याची लू लागू नये म्हणून बंद. माझं रोप उभं होतं, पण पानं तपकिरी झाली होती. एक धरलं तर हातात त्याचा चुरा झाला. नखानं साल खरवडली. हिरवं काही नव्हतं. बुडाशी खरवडली, तिथंही नाही.

आणि त्याच्या आळ्यातली माती ओली होती.

मी उकिडवा बसून त्या मातीकडे पाहत राहिलो. भर दुपारी, त्या उन्हात, काळी ओली माती. दामूभाऊंच्या आळ्यातही तशीच. दोन्हीकडे तेच ओंजळीनं सोडलेलं पाणी. नियम मोडून तो माणूस माझं रोप वाचवायला बघत होता. बहुधा दोन-तीन दिवस त्यांनी माझी वाट पाहिली असेल, मग राहवलं नसेल. तोवर उशीर झाला होता, तरी त्यांनी सोडलं नव्हतं. दहा पावलांवर त्यांचं रोप वरच्या फांदीला कोवळी तांबूस पालवी घेऊन उभं होतं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? नको — हे विचारायचा मला हक्क नाही.

मी पाट्या बदलल्या.

पत्रा इतका तापला होता की बोटं भाजली. तार सोडवायला वेळ लागला. पहिली पाटी हातातून पडली तेव्हा थांबता आलं असतं. मी ती उचलली. नरेश नावाची पाटी हिरव्या रोपाच्या काठीला बांधली आणि दामोदर नावाची वाळलेल्या काडीजवळ. बांधता बांधता मी हिशेबही केला होता, तोही सांगून टाकतो. बाकीच्यांना पाटीवरूनच रोप ओळखू यायचं; दामूभाऊंना कळणार हे मला ठाऊक होतं. पण बोलतील कसे? बोलले तर वाळलेल्या रोपाचं आळं ओलं का, हे निघणार. मग दोघंही बाद. त्यांनी माझ्यासाठी मोडलेला नियमच मी त्यांच्या तोंडावर हात म्हणून ठेवला. हे घाबरलेल्या माणसाचं डोकं नव्हतं. मला त्या दुपारी फार स्वच्छ सुचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन गेलो तर दामूभाऊ दोन रोपांच्या मधे डबा घेऊन उभे. माझ्याकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. मी म्हटलं, “कालच आलो गावावरून.” त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग “लग्न चांगलं झालं ना?” असं विचारलं आणि डब्यातलं सगळं पाणी वाळलेल्या रोपाच्या आळ्यात घातलं — ज्यावर आता त्यांचं नाव होतं. उरलेले बारा-तेरा दिवस ते रोज येत राहिले. मेलेल्या काडीला पाणी घालत राहिले. आणि मी शेजारी उभा राहून त्यांच्या झाडाला पाणी घालत होतो. ओंजळीनं.

तो रविवार आला. सकाळीच पंधरा-वीस जण काठावर जमले. मास्तर आधी हिरव्या रोपाशी गेले, पाटी वाचली, माझ्या पाठीवर हात ठेवला. मग वाळलेल्याशी. त्यांचा चेहरा उतरला. मला वाटतं, त्यांच्या मनात दामूभाऊच होते.

“काहून गा दामू, पाणी नाही घातलं का?”

दामूभाऊ म्हणाले, “घातलं मास्तर. मंग बी वाळलं.”

त्यांच्या तोंडून त्या दिवशी एकही खोटा शब्द निघाला नाही. तेवढ्यात बंडू पानठेलेवाला मागून ओरडला, “अबे, आरा मशीनवाला पाहूनच झाडानं जीव सोडला असन! म्हने, आता हा आपल्याले चिरते!”

सगळे खदखदून हसले. दामूभाऊही थोडंसं हसले, भुसा झटकावा तसा केसांतून हात फिरवला.

मीही हसलो.

पाट्या बदलल्या ते मी एकट्यानं केलं, ते कुणी पाहिलं नाही. पण हे हसणं मी सगळ्यांमध्ये उभा राहून, त्यांच्याकडे पाहत केलं. खरं तर हेच सांगायला इतके दिवस तोंड उघडत नव्हतं. ते हसणं मला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. अध्यक्ष तर मी झालोच होतो.

पुढची तीन वर्षं मी अध्यक्ष होतो आणि वाईट अध्यक्ष नव्हतो. खोटा नम्रपणा कशाला? तलावात ट्रकनं मलबा टाकणं आम्ही बंद पाडलं. रस्त्याकाठची चिंचेची झाडं वाचवली, त्यासाठी पाच दिवस झाडाखालीच बसलो होतो. प्रभागाची निवडणूक हरलो, पण पालापाचोळा म्हणणारे नंतर दारात उभं राहून आमचं ऐकून घेऊ लागले. पक्ष आज उभा आहे आणि मी नसलो तरी तो उभा राहील, याची मला खात्री आहे. त्यात दामूभाऊ होतेच. सतरंज्या त्यांनी घातल्या, भिंती त्यांनी रंगवल्या, मोर्चात शेवटच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना सावरत ते चालले. मला ते त्या रविवारपासून नरेश म्हणाले नाहीत. अध्यक्ष म्हणायचे. मी त्या शब्दात टोमणा शोधला, फार शोधला. टोमणा असता तर बरं झालं असतं.

एक काम मात्र झालं नाही. लकडगंजात येणाऱ्या त्या ट्रकांचं. पहिल्या वर्षी एका बैठकीत दामूभाऊंनी विषय काढला — “अध्यक्ष, ते ट्रकाचं काही करा ना. मी नंबर सांगतो.” मी म्हटलं, पुढच्या बैठकीत घेऊ. पुढच्या बैठकीत वेळ नव्हता. त्याच्या पुढच्या बैठकीत मी विषयपत्रिकेतच घातलं नाही. का? ट्रकांचं काम काढलं असतं तर दामूभाऊंना पुढे उभं करावं लागलं असतं. सगळ्यांनी त्यांना ऐकलं असतं, आणि मग कुणाला तरी वाटलं असतं की अध्यक्ष हाच पाहिजे होता. ते दोनदा बोलले, तिसऱ्यांदा बोलले नाहीत. ट्रक अजून येतात. मी एका माणसाची खुर्ची घेतली म्हणतो तेव्हा एवढं सगळं त्यात येतं.

उद्या पाडवा आहे. माझी तीन वर्षं संपतात. नवीन हात वर होतील.

म्हणून आज सकाळी मी पकड घेऊन तलावावर गेलो. पाटी काढून आणायची, एवढंच ठरवलं होतं. तो कडुनिंब आता माझ्या डोक्यावरून वर गेला आहे. बुंधा मनगटाहून जाड झाला आहे. आधाराची काठी केव्हाच कुजून गेली. मी तीन वर्षांत त्या झाडाकडे नीट पाहिलं नव्हतं. भाषणात त्याचा उल्लेख करायचो, पण जवळ जायचो नाही. मला वाटलं होतं, पाटी एव्हाना पडली असेल, किंवा कुणी बुंध्याला बांधली असेल तर तार सालीत रुतून बसली असेल. वाढत्या झाडाला तार तशीच राहिली की ती साल कापत जाते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही.

पाटी बुंध्यालाच बांधलेली होती, पण तार रुतलेली नव्हती. जुन्या तारेला दुसऱ्या तारेचा तुकडा जोडलेला होता, त्याला तिसरा. तीन उन्हाळे, तीन तुकडे. तार आणि सालीच्या मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली होती, झाडाला काचू नये म्हणून. आणि त्या सैल तारेवर माझं नाव लटकत होतं. पत्र्यावरची धूळसुद्धा कुणीतरी पुसत असावं. अक्षरं स्पष्ट होती.

आळं ओलं होतं.

मी तार सोडली, पाटी काढली. या वेळी पत्रा थंड होता. ती पाटी आता माझ्या टेबलावर आहे, ट्यूबची पट्टीही आहे. उद्या मास्तरांच्या अंगणात सगळे जमतील. चटणी वाटायच्या आधी मी ती पाटी सगळ्यांसमोर ठेवणार आहे आणि हे जे लिहिलं आहे ते पहिल्या ओळीपासून वाचणार आहे — बंडूसमोर, मास्तरांसमोर, दामूभाऊंसमोर. बोलायला गेलो तर मी चांगलं बोलेन, म्हणून वाचणार आहे. ट्रकांचा विषय कुणी दाबला, तेही त्यात आहे. लोक काय म्हणतील याचा मी विचार केला आणि मग सोडून दिला. म्हणतील ते बरोबरच म्हणतील.

तलावाच्या काठावरचं ते झाड दामूभाऊंचं आहे. माझं मे महिन्यातच वाळलं होतं.